बिशप पास झाला

वळू नापास झाला की आई त्या दिवशी जेवायची नाही. तसं बोलून दाखवायची नाही. आमची ताटं वाढायची, ‘पोटात जरा जड वाटतंय’ म्हणायची आणि ओट्यापाशी उभी राहून कोमट पाणी प्यायची. बाबा माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. म्हणजे आज आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातल्या कुठल्यातरी गोठ्यात एकाचा निकाल लागला. नापास वळूला कुणी पोसत बसत नाही, त्याची रवानगी फॅक्टरीत. आणि आमच्या भागात शेतकऱ्याने फॅक्टरी म्हटलं की तो कत्तलखाना, हे मला मराठी मुळाक्षरांच्या आधी समजलं होतं. आई परभणीकडची, जनावरांची डॉक्टर. तिचे देव किचनमधल्या प्रेसमध्ये डाळींच्या डब्यांशेजारी बसलेले. कपाटाला तिकडे सगळेच प्रेस म्हणतात, मीही अजून म्हणते. रोज सकाळी प्रेसचं दार उघडून ती देवांना फूल वाहायची, दार लावायची आणि रबरी वेलिंग्टन बूट चढवून अशा कामाला जायची की तिच्या सहीने जनावरं मरायची. हे दोन्ही ती कसं काय सांभाळते असा प्रश्न मला कधी पडला नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला आईच्या पोटात काय जड आहे याच्याशी काय देणंघेणं असणार.

मला फक्त लाज वाटायची. बाबा शॅननला एका कारखान्यात इंजिनिअर होते, हृदयात घालायच्या बारीक जाळ्या बनवायचे, आणि हे कुणालाही सांगता येण्यासारखं होतं. आईचं काम कसं सांगणार? गणपतीला लिमरिकच्या हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी जमायची. पुण्याच्या, नागपूरच्या, नीटनेटक्या आयटीतल्या काकू विचारायच्या, “तुझी आई बैलांची डॉक्टर ना गं?” आई लांबूनच दुरुस्ती करायची, “बैल नाही हो, वळू. बैलाला माझी गरज उरत नाही.” काकू मोदकाकडे बघत हसायच्या. मग कुणीतरी धीर करून विचारायचंच की म्हणजे नेमकं काय तपासता, आणि माझी आई, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन, सांगायला लागायची. अंडकोशाचा घेर टेपने कसा मोजायचा, मुठीत धरून कसा दाबून बघायचा, भक्कम दंडासारखा लागला पाहिजे, कणकेसारखा लागला तर काही खरं नाही. मी इंग्रजीत ‘ममी, प्लीज’ म्हणायचे. त्या वयात मी आईच्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आता ती नाही तर तिच्याशी दिवसभर मनातल्या मनात मराठीत बोलत असते.

आमचं घर एनिसच्या बाहेर, दोन भिंतींपलीकडे शेतं. तिसऱ्या शेतात नोरीन आणि टॉम ही बहीणभावांची जोडी राहायची. दोघंही बिनलग्नाची, दोघंही साठीच्या पुढची, वीस-बावीस गाई आणि त्यांची वासरं. शनिवारी बाबांची शिफ्ट असली की आई मला सोबत घेऊन जायची, कारण घरी एकटी ठेवली तर मी फोनमध्ये डोकं घालून बसेन. नोरीनच्या स्वयंपाकघरात कायम ओल्या लोकरीचा आणि भाजलेल्या ब्राउन ब्रेडचा वास असायचा. त्या ब्रेडवर आईने एकदा आपलं लिंबाचं लोणचं लावून दिलं तर टॉमने डोळे पुसत पुसत तीन तुकडे खाल्ले आणि नंतर दर महिन्याला बरणी रिकामी करून परत पाठवू लागला. आईचं नाव शैला, तिकडे शीला नावाच्या बायका पुष्कळ, त्यामुळे नोरीनने तिला पहिल्याच दिवशी शीला करून टाकलं. आईला इतकी मोकळी हसताना मी आमच्या मराठी मंडळात कधी पाहिली नाही. नोरीनचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे, पण ती बोलायची तिच्या वेस्ट क्लेअरच्या इंग्रजीत, अर्धा शब्द गिळून.

बिशपला निवडलं आईनेच. टॉमला नवा वळू घ्यायचा होता आणि त्याने आईला मार्टला, म्हणजे गुरांच्या बाजाराला, सोबत नेलं. तिथे सगळे जमले होते एका पिंगट धिप्पाडाभोवती. काय त्याची पाठ, काय त्या मांड्या, लोक नुसते बघत उभे. आईने त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. ती फिरली पायांकडे बघत, खुरांकडे बघत, प्रत्येकाची आई किती वेळा व्याली, दोन वेतांमध्ये किती अंतर होतं हे विचारत. “पाठ विकत घेऊन काय करणार आहात?” ती टॉमला म्हणाली. “पाठ गाभण करत नाही. ज्याची आई दर वर्षी न चुकता व्याली त्याच्या लेकी व्यायला अडणार नाहीत. आणि ज्याचा मागचा पाय सरळसोट खांबासारखा, तो दोन उन्हाळ्यांत लंगडणार.” असं करत करत ती कोपऱ्यातल्या एका तांबड्या, मध्यम अंगाच्या, गंभीर चेहऱ्याच्या लिमोझीन जातीच्या वळूपाशी थांबली. तो रिंगणात इतका सावकाश चालला की टॉम म्हणाला, हा तर मिरवणुकीत निघालेला बिशप. घरी येताना गाडीत आई चक्क गाणं गुणगुणत होती. पहिल्या वर्षी बिशपने एकही गाय रिकामी सोडली नाही. नोरीन येईल त्याला सांगायची, आमच्या शीलाची नजर आहे ही. आई ‘छे हो, काहीतरीच’ म्हणायची आणि तिचे कान लाल व्हायचे.

दुसऱ्या वसंतात आम्ही बिशपच्या तपासणीला गेलो. दर वर्षी हंगामाआधी वळू तपासून घेतात. एकदा पास झाला म्हणजे कायमचा पास, असं त्या प्रकरणात नसतं. हिवाळ्यात त्याच्या खुरात गळू झालं होतं, चांगला आठवडाभर ताप होता, पण आता चालत छान होता. टॉमने त्याला क्रशमध्ये घेतलं. क्रश म्हणजे लोखंडी दांड्यांचा अरुंद पिंजरा, त्यात जनावर हलू शकत नाही. आईने टेप लावली, हाताने दाबून बघितलं, मग नमुना घेतला. तो कसा घेतात हे मी इथे सांगणार नाही, तेवढी लाज माझ्यात अजून शिल्लक आहे. नमुना घेऊन ती शेडमध्ये मायक्रोस्कोपपाशी गेली. एरवी ती मला आधी बघू द्यायची. नमुना चांगला असला की काचेखाली अशी खळबळ दिसायची, फोडणीत मोहरी तडतडावी तशी, आणि ते पाहायला, खरं सांगते, मला आवडायचं. त्या दिवशी तिने मला डोळा लावू दिला नाही. ती वाकून बघत राहिली, काच बदलली, पुन्हा बघत राहिली. बाहेर टॉम बिशपच्या कपाळावर खाजवत होता आणि बोलत होता, आमच्याशी की त्याच्याशी कोण जाणे. “नापास झाला तर सोमवारी फॅक्टरीच्या लॉरीत जाईल बिचारा. दोन वळू पोसायला आमच्याकडे जागा कुठे आहे.” आवाजात दुःख नव्हतं. पाऊस येईल असं म्हणावं तसं तो म्हणाला. आईने काच पुसली. बाहेर येऊन म्हणाली, “ग्रँड आहे तुमचा बिशप,” म्हणजे तिकडच्या बोलीत ठणठणीत, आणि सही केली.

त्या दिवशी आई पोटभर जेवली. लिमरिकहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत, ठेचा. बाबा म्हणाले, “अरे वा, म्हणजे आपला जावई पास झाला तर.” आई म्हणाली, “झाला की,” आणि आणखी अर्धी भाकरी वाढून घेतली. ती अर्धी भाकरी मला आजही दिसते. काही महिन्यांनी सगळं कळल्यावर माणूस मागे जाऊन एकेक घास तपासतो, आणि प्रत्येक घासात काहीतरी दिसायला लागतं. तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. आई जेवते आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, एवढाच आमच्या घरचा हिशेब होता.

मे महिन्यात बिशपला गाईंमध्ये सोडलं. त्याच सुमारास टॉम अंगणात पडला, खुब्याचं हाड मोडलं. एनिसच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे छातीत कफ झाला, आणि उन्हाळा अर्धा व्हायच्या आत टॉम गेला. मी पाहिलेलं हे पहिलं मरण. तिकडच्या रीतीप्रमाणे त्याला बैठकीच्या खोलीत उघड्या पेटीत ठेवलं होतं, आणि शेजारीपाजारी हातात चहाचे कप घेऊन त्याच्या आजूबाजूला गवताचे भाव बोलत होते. आई पेटीशी उभी राहिली आणि तिने टॉमच्या हाताला हात लावला. मला वाटलं, नमस्कार करेल. ती नुसतीच उभी राहिली, बराच वेळ, आणि तिचा चेहरा असा झाला होता की मी तिच्या बाहीला धरून तिला बाजूला घेतलं. मला वाटलं होतं, हे टॉमसाठी आहे.

टॉम होता तेव्हा तो रोज संध्याकाळी फाटकावर कोपर टेकून गाई बघायचा. गाय गाभण राहिली नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, दुसरीच्या अंगावर चढते, हंबरते. बघणाऱ्याला लगेच कळतं. त्या उन्हाळ्यात बघणारंच कुणी नव्हतं. नोरीन गवताच्या गठ्ठ्यांमागे धावत होती, कागदपत्रांमागे धावत होती. आमच्या घराच्या मागच्या खिडकीतून मात्र हंबरणं ऐकू यायचं. मी भांडी विसळताना, आई भाकरी थापताना. आई हात थांबवून ऐकायची. एकदा बाबा म्हणाले, “काय गं झालंय ह्यांना?” आई म्हणाली, “काही नाही, वासरं आईपासून तोडली असतील.” जुलैत कुणी वासरं तोडत नाही. हे मलासुद्धा ठाऊक होतं, पण माझं लक्ष माझ्या फोनमध्ये होतं.

ऑक्टोबरात गाई तपासायच्या होत्या, कुठली गाभण, कुठली रिकामी. नोरीनने अर्थात आईलाच बोलावलं. मी मुद्दाम हट्टाने सोबत गेले, टॉमच्या मरणानंतर मला नोरीनची माया वाटायला लागली होती. सोनोग्राफी मशीनचा छोटा पडदा आईच्या डोळ्यांसमोर चष्म्यासारखा बांधलेला, हात गाईच्या मागे कोपरापर्यंत आत. पहिली गाय. आई म्हणाली, “रिकामी.” नोरीन म्हणाली, “असू दे, ही म्हातारीच आहे.” दुसरी रिकामी. तिसरी रिकामी. चौथी गाभण निघाली तेव्हा नोरीनने क्रॉस केला छातीवर. त्यानंतर पुन्हा रिकामी, रिकामी, रिकामी. आईचा आवाज हळूहळू इतका खाली गेला की शेवटी ती नुसती मान हलवत होती. नोरीन प्रत्येक गाईला नावाने हाक मारून आत घेत होती आणि नावानेच बाहेर सोडत होती. मधेच ती बोलायची थांबली. मग फक्त लोखंडी दार उघडण्याचा आणि आपटण्याचा आवाज. सगळ्या कळपात चारच गाभण निघाल्या.

नोरीनने चहा केला. तिची ती सवय होती, काहीही झालं तरी किटली चढवायची. आई हात धुऊन टेबलाशी बसली. मी खिडकीत. नोरीन म्हणाली, “बिशपचं खूर मे महिन्यात पुन्हा सुजलं होतं. मी इंजेक्शन दिलं. तुला कळवलं नाही, शीला. म्हटलं, तू तपासलायस म्हणजे तो ग्रँडच आहे. चूक माझीच झाली.” तेव्हा आई म्हणाली, “तो ग्रँड नव्हता.”

मग तिने सगळं सांगितलं, थेट, एकदम, जसं काकूंना सांगायची तसं, पण हात मांडीत घट्ट धरून. आज काचेखाली जे दिसतं ते आजचं नसतं. वळूच्या अंगात ते तयार व्हायला दोन महिने लागतात, त्यामुळे आज दिसतो तो दोन महिन्यांपूर्वीचा ताप. वसंतात बिशपच्या नमुन्यात निम्मे शुक्राणू मेलेले होते, उरलेले जागच्या जागी घुटमळत होते. नापास म्हणायला हवं होतं. या हंगामात वापरू नका, दुसरा वळू आणा, हे म्हणायला हवं होतं. तिने मनात हिशेब केला की ताप उतरलाय, मे संपेपर्यंत नवा माल येईल, होईल बरा. “मी त्याला लॉरीत घालू शकले नाही,” आई म्हणाली. “किती जणांना घातलं आजवर. ह्याला नाही घालता आलं. मी निवडला होता त्याला. आणि टॉम त्याचं कपाळ खाजवत होता.” तिला रडू येत होतं आणि ती ते येऊ देत नव्हती. मला इतकी भीती वाटली की मी मराठीत ‘आई’ म्हटलं, फार दिवसांनी.

नोरीनने कप उचलला, तसाच ठेवला. मग म्हणाली, “त्याला लॉरीत घालणं माझं काम होतं, शीला. तुझं नव्हतं. आयुष्यभर मी तेच केलंय, मला जमतं ते. तू मला फक्त खरं सांगायचं होतंस.” तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “आता एकाऐवजी सगळ्या जातील,” ती म्हणाली. “टॉम असता तर रिकाम्या गाई हिवाळाभर पोसल्या असत्या. मी एकटी नाही पोसू शकत.” आई म्हणाली, दुसरा काही मार्ग असेल, मी विचारते कुणाला, कुणी घेईल. नोरीनने कप उचलून सिंकमध्ये ठेवले. अठरा रिकाम्या गाई त्या हिवाळ्याच्या तोंडावर कोण घेणार होतं? आईला हे माझ्यापेक्षा, कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं.

बिशपची तपासणी पुन्हा झाली, दुसऱ्या डॉक्टरने केली. उत्तम. त्याचं अंग सुधारलं होतं, फक्त हंगाम संपल्यावर. गॉलवेकडच्या कुणीतरी नेला त्याला, आणि तो पुष्कळ जगला म्हणे. आजही मी कॉर्कहून एनिसकडे गाडीने येते तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात एखादी तांबडी कालवड मान वर करून, गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बघते, आणि मी काच वर करून घेते. मुलं विचारतात, आई, एवढं उकडतंय तरी? मी सांगत नाही. कसं सांगणार की ती मला बिशपच्या वंशातली वाटते, आणि तिच्याकडे बघवत नाही, ती जिवंत आहे म्हणून.

लॉरी आली त्या सकाळी आई कामावर गेली नाही. बाबा म्हणाले, “शैला, तू कशाला जातेस? काय बदलणार आहे तिथे उभं राहून?” आई वेलिंग्टन बूट चढवत म्हणाली, “काही नाही बदलणार.” मीही गेले, तिने नको म्हटलं नाही. लॉरीवाला इंजिन चालू ठेवून फळी खाली टाकून उभा होता. नोरीनची पद्धत साधी होती. हातात पेंडीची बादली, पुढे चालायचं, नावाने हाक मारायची, आणि गाई मागोमाग. मारणं नाही, ओढणं नाही. वासरू असल्यापासून त्या बादलीमागे चालत आलेल्या, त्यांना वाटलं आज नवं शेत. एकेक चढत गेली. नोरीन फळीच्या टोकाशी बादली मागे घ्यायची आणि दुसरीला आणायला वळायची. आई फाटकाशी उभी होती, मध्ये पडायची तिची छाती नव्हती.

शेवटी मॉली राहिली. पांढऱ्या नाकाची, टॉमची लाडकी, मी लहान असताना जिच्या पाठीवर डोकं टेकवून मी उभी राहायचे ती. ती फळीपाशी येऊन थांबली आणि मागे वळली. लॉरीवाला काठी घेऊन पुढे झाला. नोरीनने त्याला हाताने अडवलं. मग ती चालत फाटकापाशी आली आणि तिने बादली आईच्या हातात दिली. तोंड फिरवून घराकडे चालू लागली.

आई बादली घेऊन उभी राहिली. मला वाटलं, ती खाली ठेवेल. मला आतून वाटत होतं, ठेव, आई, ठेव ती खाली आणि चल घरी. पण आई पुढे गेली, मॉलीच्या समोर उभी राहिली, बादली थोडी हलवली. आणि तिच्या तोंडून जी हाक आली ती मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली, परभणीकडची, तिच्या लहानपणची असणार, जनावराला घरी बोलवायची.

“ये माय,” आई म्हणाली. “ये.”

मॉलीने कान पुढे केले. आई पाठमोरी चालत फळीवर चढली, आणि मॉली तिच्या मागोमाग गेली.